अंतर तेवढंच, वेळ रोजचा वेगळा

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. या मार्गावर नेहमी दिसणारी एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमानं उंचावर गेल्यावर ताशी ८३०-८४० किलोमीटर वेगाने जातात. भागाकार केला तर उत्तर येतं एक तास बावीस मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा वेळ लिहिलेला असतो. मधली पन्नास मिनिटं कुठे जातात? मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर आहे, आणि माझी बरीचशी नोकरी या पन्नास मिनिटांतच झाली आहे.

आमचं काम प्रवाशांना दिसत नाही. प्रत्येक उड्डाणाआधी मार्ग कोणता, उंची किती, वर वारा कसा आहे, जिथे उतरायचं तिथलं हवामान काय, तिथे उतरता आलं नाही तर कुठे जायचं, आणि या सगळ्याला इंधन किती, हे ठरवून आम्ही कमांडरपुढे, म्हणजे मुख्य वैमानिकापुढे, ठेवतो. त्याला पटलं तर तो सही करतो, नाही पटलं तर आकडे पुन्हा मांडायचे. विमान सुटलं की पडद्यावर त्याची सोबत करायची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परीक्षा, मग प्रशिक्षण, मग बरीच वर्षं नाईट शिफ्ट, असा हा रस्ता आहे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांना यातलं एकच समजतं: हिला विमानाची वेळ विचारायची.

शिकाऊ असताना आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवला आणि माझ्या हातात शिवणकामाचा दोरा दिला. म्हणाले, "मुंबईवर एक टोक धर, न्यूयॉर्कवर दुसरं. ताण." माझ्या डोक्यात भिंतीवरचा सपाट नकाशा होता: अरबी समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र, मग अटलांटिक. ताणलेला दोरा मात्र अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, रशिया ओलांडून फिनलंड, नॉर्वेवरून आइसलँडच्या जवळून खाली उतरला. शाळेच्या भूगोलात बृहद्वृत्त वाचलं होतं, पण गोलावरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट त्याच वर्तुळावर असते, हे त्या दिवशी बोटांना कळलं. संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकली की जे अंतर येतं, ते या दोऱ्याचं अंतर. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, मुंबई ते लंडन सुमारे ७,२००. मग ते म्हणाले, "हा दोरा लक्षात ठेव. पण यावरून तंतोतंत गेलेलं विमान तुला बहुधा दिसणार नाही."

ते खरं होतं. मुंबईत वर्षाचा बराच काळ वारा समुद्राकडून येतो, म्हणून विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं. दिल्लीला जायचं असलं तरी ते आधी समुद्रावर जातं आणि मग उजवीकडे वळतं. दिल्लीजवळ पोचल्यावर सरळ धावपट्टीवर येत नाही. तिथल्या वाऱ्याप्रमाणे जी दिशा चालू असेल, तिच्या रांगेत त्याला जागा घ्यावी लागते, आणि त्यासाठी वळसा पडतो. मधल्या वाटेत सैन्यदलांसाठी राखलेलं आकाश असतं. ते मोकळं असलं तर सरळ जायला मिळतं, नाहीतर बाजूने.

आणि घड्याळ सुरू होतं ते विमान उडाल्यावर नव्हे. चाकांना लावलेले अडसर, म्हणजे चॉक, काढून विमान जागेवरून हलतं तेव्हा सुरू होतं, आणि दुसऱ्या टोकाला विमान उभं राहून चॉक लागतात तेव्हा थांबतं. याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. तिकिटावर छापलेला वेळ तोच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकीचाच उपयोग होतो. सकाळी सातच्या सुमाराला पुशबॅक झालेलं, म्हणजे जागेवरून मागे ढकललेलं विमान टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून चालत, रांगेत येतं. पुढे पाच-सहा विमानं उभी असतात, आणि उडणाऱ्या दोघांच्या मध्ये उतरणाऱ्या एकाला वाट द्यावी लागते. वीस मिनिटं इथेच गेली. चढताना आणि उतरताना वेग कमी, त्यात आणखी काही. दिल्लीत उतरल्यावर टर्मिनलपर्यंतचं टॅक्सी करणं दहा-पंधरा मिनिटांचं. अशी ती पन्नास मिनिटं भरतात. त्यातलं कुठलंही मिनिट कोणी फुकट घालवलेलं नसतं. ते कोणाच्या तरी वाट्याला गेलेलं असतं.

वारा हा आमच्या कामातला सर्वांत मोठा हिस्सेदार. हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. मुंबई-कोलकाता अंतर जाताना आणि येताना तेवढंच, साधारण १,६५० किलोमीटर. पण जानेवारीत कोलकात्याला जाणारं विमान वाऱ्यासोबत जातं आणि मुंबईला येणारं वाऱ्याच्या तोंडावर येतं. दोन्हींत अर्ध्या तासाच्या आसपास फरक पडतो. विमानाचा हवेतला वेग दोन्हीकडे सारखाच; जमिनीवरून मोजलेला वेग मात्र बदलतो. पावसाळ्यात हे चित्र बदलतं. तो पश्चिमी वारा हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर खूप उंचीवर पूर्वेकडून येणारा वारा जोर धरतो. म्हणून कालचा वेळ आज चालत नाही, आणि प्रत्येक पाळीत नवा हिशोब मांडावा लागतो.

अंतर आणि वेळ यांची मनातली सांगड मी पूर्णपणे सोडली ती २०१६ साली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को उड्डाण अटलांटिकऐवजी पॅसिफिक महासागरावरून नेलं. हा मार्ग सुमारे १५,३०० किलोमीटरचा, जुन्या मार्गापेक्षा हजाराहून अधिक किलोमीटरने लांब. तरीही वारा पाठीशी असल्याने विमान साडेचौदा तासांच्या आसपास पोचलं, म्हणजे आधीपेक्षा साधारण दोन तास लवकर. परतताना अटलांटिकवरून, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच. आमच्या ऑफिसात त्या दिवशी सगळ्यांच्या पडद्यावर तोच मार्ग उघडलेला होता. जास्त लांबची वाट कमी वेळाची असू शकते, हे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण कोणीतरी ते विश्वासाने करून दाखवलं याचं मला फार अप्रूप वाटलं.

वाऱ्यापेक्षा अवघड माणसांनी आखलेल्या रेषा. २०१९च्या फेब्रुवारीत बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं. ते पूर्ण उघडायला १६ जुलै उजाडला. मुंबईहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना अरबी समुद्र मोकळा होता, त्यामुळे तुलनेने त्रास कमी. दिल्लीचं मात्र कठीण झालं. युरोपकडे निघालेलं विमान आधी खाली गुजरातपर्यंत आणायचं, समुद्रावर न्यायचं, ओमान आणि आखातावरून वर चढवायचं. दिल्लीहून इस्तंबूलला जाणारं एका कंपनीचं विमान त्या काळात इंधनासाठी दोहाला थांबायचं. दिल्लीचे आणि लंडनचे अक्षांश-रेखांश जिथल्या तिथेच होते, प्रवास मात्र लांबला.

त्या महिन्यांत एक गोष्ट पक्की शिकले. इंधन जास्त भरता येतं, पण माणसाचे तास वाढवता येत नाहीत. वैमानिकाने सलग किती वेळ काम करायचं याला नियमाने मर्यादा असते, आणि ती असायलाच हवी. वळशामुळे प्रवास लांबला की विमान पोचण्याआधी वैमानिकांची मर्यादा संपते. मग जादा वैमानिक न्यावे लागतात, नाहीतर मध्ये उतरून नव्यांच्या हाती विमान द्यावं लागतं. २०२२ साली युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने पुन्हा भारतीय विमानांना वाट बंद केली. उत्तर अमेरिकेहून दिल्लीकडे येणारी काही विमानं व्हिएन्नासारख्या ठिकाणी थांबू लागली. प्रत्येक वेळी आम्ही डिस्पॅचर तेच गणित नव्याने मांडत बसलो. दोन देशांमधलं भांडण पृथ्वीच्या गोलावर दिसत नाही. ते आमच्या इंधनाच्या रकान्यात दिसतं.

इंधनाचा रकाना म्हणजे एक आकडा नव्हे, थर असतात. टॅक्सीसाठीचं, प्रवासाचं, अनपेक्षित गोष्टींसाठी प्रवासाच्या साधारण पाच टक्के, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि सर्वांत तळाला अर्धा तास आकाशात राहता येईल एवढं. या शेवटच्या अर्ध्या तासाला हात लावावा लागेल असं दिसलं, तर वैमानिकाला आणीबाणी जाहीर करावी लागते. शिवाय कमांडरला वाटलं तर तो त्यावर आणखी मागतो. जादा इंधनाचं वजन वाहून न्यायलाही इंधन लागतं, म्हणून उगाच भरून चालत नाही. आणि कमी भरणं तर परवडतच नाही.

दिल्लीच्या धुक्याची एक रात्र मला या संदर्भात नेहमी आठवते. जानेवारीचे दिवस. पहाटे चारच्या सुमाराला मुंबईहून सुटणारं विमान, दिल्लीला सहाच्या आसपास पोचायचं. धुकं सगळ्यात दाट असतं ती हीच वेळ. धावपट्टीवर किती मीटरपर्यंत दिसतं याचा आकडा पडद्यावर खालीवर होत होता: दोनशे, सव्वाशे, पंच्याहत्तर. दिल्लीत अगदी ५० मीटर दिसत असतानाही उतरता येईल अशी यंत्रणा आहे. त्यासाठी विमान त्या प्रतीचं लागतं आणि वैमानिकही त्याचं प्रशिक्षण घेतलेले लागतात. आमच्याकडे दोन्ही होतं. तरी कमांडर फोनवर म्हणाले, "मॅडम, जयपूर नको. धुक्यात सगळे तिथेच जातात, उभं राहायला जागा उरत नाही. अहमदाबाद धरा." अहमदाबाद दिल्लीपासून कितीतरी लांब, म्हणजे इंधन बरंच जास्त. मी ते धरून आकडे पुन्हा काढले आणि आम्ही दोघांनी मिळून एक आकडा ठरवला: टाकीत एवढं इंधन उरलं की वाट बघणं बंद, वळायचं.

विमान दिल्लीजवळ पोचलं आणि त्याला होल्डिंगमध्ये ठेवलं गेलं. त्याच्या वर आणि खाली आणखी विमानं, प्रत्येक आपापल्या उंचीवर घिरट्या घालत. मी दर काही मिनिटांनी धावपट्टीचा ताजा आकडा विमानात पाठवत होते. एकदा तो चढला आणि वाटलं, जमतंय. पुढचा आकडा ५० च्या खाली आला. थोड्या वेळाने कमांडरचा छोटा संदेश आला: अहमदाबादला जात आहोत. पुढे धुकं विरल्यावर ते विमान पुन्हा निघालं आणि प्रवासी दुपारनंतर दिल्लीला पोचले. कोणाची मुलाखत हुकली, कोणाचं पुढचं विमान. त्यांची चिडचीड अगदी रास्त होती. पण त्या पहाटे मी निश्चिंत होते. नंतर कमांडर भेटले तेव्हा म्हणाले, "तो आकडा आपण जमिनीवर ठरवला होता, म्हणून वर स्वतःशी वाद घालावा लागला नाही." अवघड निर्णय शांत डोक्याने आधी घेऊन ठेवावा, हे मी या कामाकडून शिकले. घरातल्या आजारपणात, मुलांच्या शिक्षणात, पैशाच्या व्यवहारात मी तेच करते. कुठपर्यंत थांबायचं आणि कुठे वळायचं, हे आधी ठरवून ठेवते.

याच्या अगदी उलट अनुभव आला तो नागपूर-मुंबई उड्डाणात. अंतर सुमारे ६८० किलोमीटर. नागपुरात एका कुटुंबाने आपल्या माणसाचे अवयव दान केले होते, आणि हृदय मुंबईतल्या रुग्णाला लावायचं होतं. नेहमीच्या प्रवासी विमानातूनच डॉक्टरांचं पथक पेटी घेऊन येणार होतं. हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच टिकतं. त्या चार तासांत शस्त्रक्रियागृहापासून विमानतळ, उड्डाण, मुंबईतला रस्ता आणि पुन्हा शस्त्रक्रियागृह, एवढं सगळं बसवायचं.

मी हिशोब मांडायला घेतला आणि लक्षात आलं, विमान जोरात पळवून दोन-तीन मिनिटांपलीकडे काही मिळणार नाही. ६८० किलोमीटर कापायला जो वेळ लागतो तो लागणारच. मिनिटं मिळणार होती ती दुसरीकडे. नागपुरात पथक येईपर्यंत बाकीचे सगळे प्रवासी बसलेले, सामान भरलेलं, दार एकच उघडं. पेटी आत आली, दार लागलं, पुशबॅक. नागपूरच्या नियंत्रकांनी टॅक्सीमध्ये थांबू दिलं नाही. मुंबईच्या नियंत्रकांना आधीच कळवलं होतं. त्यांनी रांगेतल्या इतर विमानांचा वेग कमी करून वाट मोकळी केली. विमान पूर्वेकडून येत होतं आणि उतरायचंही पूर्वेकडूनच होतं, त्यामुळे वळसा न घेता ते सरळ धावपट्टीवर आलं. उभं राहायला टर्मिनललगतची जागा राखून ठेवली होती. प्रवाशांना सांगितलं होतं, कोणीही उठू नका. कोणी उठलं नाही. पथक उतरलं, खाली रुग्णवाहिका तयार, पुढे पोलिसांनी ग्रीन कॉरिडॉर केलेला. माझ्या पडद्यावर विमान छापील वेळेच्या कितीतरी आधी चॉकवर लागलेलं दिसलं.

त्या दिवसानंतर माझी नजरच बदलली. ज्या मिनिटांना मी अडचण समजत होते, ती मिनिटं माणसांची होती. रांगेतली प्रत्येक जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. त्या दिवशी अनेकांनी आपली जागा सोडली, म्हणून एका पेटीला वाट मिळाली. आणि धुक्याच्या रात्री तीच मिनिटं आम्ही जाणूनबुजून वाढवली, कारण दीडशेहून जास्त माणसं वर होती. दोन विमानतळांमधलं अंतर पृथ्वीने ठरवलेलं आहे. वेळ आपण सगळे मिळून ठरवतो. तो कमी करणंही आपल्या हातात असतं आणि गरज पडेल तिथे वाढवणंही.

म्हणूनच वेळेच्या बाबतीत खोटी आशा देणं मला पटत नाही. छापील वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलेलं उड्डाण वेळेवर धरतात. वेळापत्रक आखताना आधीच्या हंगामातल्या उड्डाणांना प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघून थोडी जागा ठेवावी लागते. काही जणांना ती जागा म्हणजे फसवणूक वाटते. "दीड तासाचं उड्डाण दोन तासांचं कशाला दाखवता?" असं मला एका लग्नात आमच्याच एका काकांनी विचारलं होतं. मी त्यांना मुंबईची रांग, दिल्लीचा वळसा, हिवाळ्यातला वारा असं सगळं समजावून सांगितलं. काका शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढं असतं होय! मग विमानात कोणी सांगत का नाही?"

त्यांचा प्रश्न योग्य होता. कधी कधी दार बंद होतं आणि विमान जागचं हलत नाही. दिल्लीत किंवा मुंबईत उतरणाऱ्यांची गर्दी झाली की निघण्याची ठरावीक वेळ नेमून देतात, म्हणजे वर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा खाली थांबावं. हे शहाणपणाचं आहे. पण आत बसलेल्या माणसाला फक्त उकाडा आणि घड्याळ दिसतं. अशाच एका उड्डाणात मी प्रवासी म्हणून बसले होते. कुजबुज वाढत चालली होती. मग कमांडरने स्वतः सांगितलं: आपल्याला अमुक वाजता उडायचं आहे, आत्ता निघालो तर तेवढाच वेळ वर फिरावं लागेल, इथे थांबणं जास्त बरं. काही क्षणांत लोकांनी फोन काढून घरी कळवलं, लहान मुलांना पाणी दिलं, कोणी डोळे मिटले. थांबायचा वेळ तेवढाच राहिला, पण माणसं सावरून बसली.

लंडनला किंवा अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांशीही मी आता असंच सविस्तर बोलते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी दोनला निघून लंडनला संध्याकाळी साडेसहाला उतरलात, तर घड्याळात साडेचार तास दिसतील. प्रवास मात्र दहा तासांचा असेल, कारण तिथलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे. गोळ्यांच्या वेळा प्रवासाच्या तासांवर धरा, तिकिटावरच्या घड्याळावर नको, आणि कशा घ्यायच्या ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. दिल्लीला जानेवारीत महत्त्वाचं काम असेल तर पहाटेचं विमान टाळा. जमल्यास आदल्या दिवशी दुपारी जा. पावसाळ्यात मुंबईत उतरून लगेच पुढचं विमान पकडायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा. इंधनासारखाच वेळही थोडा हाताशी ठेवावा, आणि तो वापरावा लागला तर वाईट वाटून घेऊ नये.

आता नवी मुलं-मुली शिकायला येतात. सॉफ्टवेअर त्यांना क्षणात मार्ग काढून देतं, अंतर दशांशापर्यंत सांगतं. मीही त्यांच्या हातात आधी दोरा देते, कारण त्याशिवाय गोल कळत नाही. त्यानंतर मात्र त्यांना कंट्रोल रूममध्ये फोनजवळ बसवते. प्रवाशाचा, विमानतळावरच्या आमच्या ऑफिसचा, कमांडरचा फोन येतो आणि प्रत्येकाला एकच विचारायचं असतं: किती वेळ? मी त्यांना सांगते, नुसता आकडा देऊन फोन ठेवू नका. तो आकडा कशामुळे आला, कशामुळे बदलू शकतो आणि बदलला तर आपण काय ठरवलं आहे, हे दोन वाक्यांत सांगा. कारण कळलं की माणूस थांबायला तयार होतो, दुसऱ्याला वाट द्यायलाही तयार होतो. माझ्या सगळ्या नोकरीत मला हे एवढं खात्रीने सांगता येतं.